गच्चीवर टॉवर, ग्रुपवर रणकंदन : यातला मुद्दा कुठला आणि आवाज कुठला?

पामबीच_पलीकडे | सोमवार, रात्री १०:४०

मंडळी, नेरूळमधली आमची सोसायटी. चार मजले, तीन विंगा, लिफ्ट नाही. पावसाळ्याच्या तोंडावर ए विंगच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसला आणि तेव्हापासून ग्रुपवर सरळ दोन तट पडलेत. येत्या रविवारी खाली पार्किंगमध्ये सभा आहे. मला बोलायचंय, पण गंमत अशी की दोन्हीकडचे मेसेज वाचताना पटतात आणि पाच मिनिटांनी पोकळ वाटायला लागतात. पोकळ नेमकं कुठे, त्यावर बोट ठेवता येत नाही. नावं गाळून काही नमुने :

«टॉवर लागल्यापासून आमच्या एका मजल्यावर दोघांना कॅन्सर निघाला. अजून काय पुरावा हवाय?»

«जागतिक आरोग्य संघटनेनेच हे रेडिएशन कॅन्सरकारक जाहीर केलंय.»

«धोका नाही हे आधी सिद्ध करा, मग ठेवा टॉवर.»

«विरोध करणारे स्वतः दिवसभर मोबाइल कानाला लावून असतात.»

«सरकारने परवानगी दिलीय म्हणजे सुरक्षितच असणार ना.»

«भाड्याच्या पैशांतून मेंटेनन्स कमी होईल म्हणून गोडवे गाताय, आम्हाला कळत नाही का!»

«टॉवर बसला आणि ए विंगच्या चौथ्या मजल्यावर छत गळायला लागलं.»

विज्ञानाचं सांगा, तर्काचंही सांगा. सभेत शाळा घ्यायची नाहीये, पण निदान मला तरी कळू दे.

शेवटचा_डबा | सोमवार, रात्री ११:०५

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आमच्या खारघरच्या सोसायटीत कबुतरांवरून हेच चाललंय. फरक एवढाच की कबुतरं भाडं देत नाहीत.

अनुमान | मंगळवार, सकाळी ७:५०

धागा चांगला आहे, जरा सविस्तर लिहितो.

प्रत्येक मेसेजमध्ये दोन गोष्टी दिसतात : दावा आणि त्याचं कारण. तिसरी गोष्ट कोणी लिहीत नाही, ती म्हणजे त्या कारणावरून त्या दाव्यापर्यंत नेणारा नियम. गफलत बहुतेक वेळा या न लिहिलेल्या वाक्यात लपलेली असते. म्हणून ते वाक्य आपणच पूर्ण करून मोठ्याने म्हणून बघायचं.

«परवानगी आहे म्हणून सुरक्षित» यात न बोललेला नियम असा : ज्याला ज्याला सरकारी परवानगी मिळते ते ते सुरक्षित असतं. ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळालेली इमारत गळत नाही, असं नवी मुंबईत कुणाला सांगून बघा. परवानगी हा पुरावा आहे, पण कच्चा. त्यामागे कोणती मर्यादा आहे आणि ती पाळली जाते का, हे विचारलं की खरी चर्चा सुरू होते.

«विरोधकच मोबाइल वापरतात» यातला नियम : जो एखादी वस्तू वापरतो त्याचा तिच्यावरचा आक्षेप खोटा. डॉक्टर स्वतः सिगरेट ओढत असला तरी सिगरेटबद्दल तो जे सांगतो ते बरोबरच असतं. भाड्याच्या मेसेजचंही तेच. समोरच्याचा स्वार्थ दिसला तर त्याने दिलेले आकडे दोनदा तपासा, जरूर तपासा. पण स्वार्थ आहे म्हणून आकडे खोटे, हे होत नाही.

आपल्याकडे न्यायदर्शनाने, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या परंपरेने, या न बोललेल्या नियमाला व्याप्ती म्हटलं आणि त्याच्यावर शतकानुशतकं काथ्याकूट केला. ठरलेलं उदाहरण सगळ्यांनी ऐकलेलं असतं : डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतोय. गौतमाच्या न्यायसूत्रांत हे पाच पायऱ्यांनी मांडायचं असतं. प्रतिज्ञा (डोंगरावर आग आहे), हेतू (कारण धूर आहे), उदाहरण (जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, जसं स्वयंपाकघरात), उपनय (या डोंगरावरही तसाच धूर आहे), निगमन (म्हणून आग आहे). अॅरिस्टॉटलचं संवाक्य (दोन विधानांवरून तिसरं काढायची रीत) तीन विधानांत भागतं. इथे पाच लागतात, कारण समोर बसलेल्या माणसाला पटवायचंय. मला यातली तिसरी पायरी सगळ्यात मोलाची वाटते. नियम नुसता सांगून चालत नाही, दोघांनाही मान्य असलेलं एक तरी उदाहरण सोबत द्यावं लागतं. तुमच्या ग्रुपवर कोणी ते देत नाहीये.

आणि उलटा प्रवास चालत नाही. आग आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग आहे, धूर नाही. धुरासाठी सरपण ओलं असावं लागतं. ही मध्येच लपलेली अट, तिला ते लोक उपाधी म्हणत. सभेत एखादा नियम फेकला गेला की एवढंच विचारा : यात ओलं सरपण कुठलं?

घोडबंदर_त्रस्त | मंगळवार, सकाळी ९:१२

अनुमान, +१. उलट्या प्रवासाचं रोजचं उदाहरण आमच्या ठाणे-वाशी लाइनवरचं : मेगाब्लॉक (रविवारी दुरुस्तीसाठी रूळ बंद) असला की गाडी उशिरा येते. आज गाडी उशिरा आली. म्हणजे मेगाब्लॉक असणार! मग मंगळवारी सकाळीसुद्धा लोक फलाटावर उभं राहून मेगाब्लॉकला शिव्या घालतात. सिग्नल, पाणी साचणं, कुणीतरी साखळी ओढणं, उशिराला पन्नास कारणं असतात.

टॉवरचंही तसंच. ‘टॉवर घातक असेल तर लोक आजारी पडतील’ हे क्षणभर मान्य करू. लोक आजारी पडलेत. यावरून टॉवर घातक आहे हे निघत नाही, कारण लोक टॉवरशिवायही आजारी पडतात.

वाशी_खाडीपूल | मंगळवार, दुपारी १:३०

याच धर्तीवर एक कोडं घ्या, जेवणानंतर झोप उडेल. टेबलावर चार पत्ते. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. तुम्हाला दिसतंय : अ, क, ४, ७. नियम असा : ‘एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते.’ हा नियम पाळला गेलाय का, हे तपासायला कमीत कमी कोणते पत्ते उलटाल? पीटर वेसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली मांडलेलं कोडं आहे. गुगल करू नका.

शेवटचा_डबा | मंगळवार, दुपारी १:३४

अ आणि ४. सोप्पं आहे.

घोडबंदर_त्रस्त | मंगळवार, दुपारी १:५०

अ आणि ७. चारच्या मागे व्यंजन निघालं तरी नियमाला धक्का लागत नाही, ‘सम असेल तर स्वर’ असं कोणी म्हटलेलंच नाही. सातच्या मागे स्वर निघाला तर मात्र नियम मेला.

वाशी_खाडीपूल | मंगळवार, दुपारी २:०५

घोडबंदर_त्रस्त बरोबर. शेवटचा_डबा, वाईट वाटून घेऊ नका, बहुतेक लोक तुमचंच उत्तर देतात. आपण नियमाला दुजोरा देणारा पत्ता उलटायला धावतो, नियम मोडू शकेल तो पत्ता तसाच पडून राहतो.

पण पुढचं ऐका. १९८२ मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी हेच कोडं वेगळ्या वेषात दिलं : बिअर पीत असेल तर ग्राहक ठरावीक वयाच्या वर हवा. चार ग्राहक : एक बिअर पितोय, एक कोक पितोय, एक वयाने मोठा, एक लहान. कोणाला तपासाल? बिअरवाल्याचं वय आणि लहानाचा ग्लास. हे बहुतेकांना लगेच जमतं! मांडणी तीच. म्हणजे डोकं चालत नाही असं नाही, ओळखीच्या रानात बरं चालतं.

येऊरचा_वारा | मंगळवार, रात्री ९:२०

टॉवरच्या विज्ञानाबद्दल लिहितो, दूरसंचारात नोकरी झाली आहे.

जागतिक आरोग्य संघटनेचा मेसेज अर्धा खरा आहे आणि तोच जास्त त्रासदायक. संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली रेडिओ लहरींना ‘२ब’ गटात टाकलं, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’. याच गटात आशियाई पद्धतीने खारवलेल्या, मुरवलेल्या भाज्याही आहेत. हे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते सांगत नाहीत. पहिल्या, म्हणजे ‘नक्की कर्करोगकारक’ गटात तंबाखूही आहे आणि प्रक्रिया केलेलं मांसही, पण दोन्हींनी होणारं नुकसान सारखं नाही. शिवाय २०११ चा तो निर्णय मुख्यतः कानाला फोन लावून खूप बोलणाऱ्यांच्या अभ्यासांवर आधारलेला होता.

या लहरी क्ष-किरणांसारख्या नाहीत, रेणूंतले इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. अँटेनाचा मुख्य झोत आडवा, किंचित खाली झुकलेला जातो, त्यामुळे थेट खालच्या मजल्यावर तो बराच क्षीण असतो. ज्यांच्या खिडकीसमोर शेजारच्या इमारतीचा टॉवर आहे त्यांनी खरं तर जास्त प्रश्न विचारायला हवेत. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांश ठेवली आहे. ती पाळली जाते का, हे बघण्यासाठी दूरसंचार विभागाचं ‘तरंग संचार’ पोर्टल आहे, शुल्क भरून आपल्या पत्त्यावर मोजणी मागता येते.

म्हणून ‘धोका नाही हे सिद्ध करा’ याला माझं उत्तर : कुठलाच धोका कधीच नाही, हे कोणत्याही वस्तूबद्दल कोणी सिद्ध करू शकत नाही. ‘मोजणी करून मर्यादेच्या आत आहे हे दाखवा’ ही मागणी मात्र रास्त आहे आणि पुरी करता येण्याजोगी आहे. दावा करणाऱ्यावर पुराव्याचं ओझं असतं, आणि टॉवर बसवणाऱ्यानेही ‘मर्यादेत आहे’ असा दावा केलेलाच असतो.

मामी_कोपरखैरणे | मंगळवार, रात्री १०:४५

सगळं वाचलं. लोणचं, पत्ते, लोखंडाचा गोळा, सगळं ठीक. पण त्या मजल्यावर दोन घरांत केमो चालू आहे ना? ती माणसं सभेला येणार, पुढच्या खुर्चीवर बसणार. तिथे हे पामबीचभाऊ उठून ‘तुमचा तर्क सदोष आहे’ म्हणणार? माझ्या नणंदेच्या वेळी मीही टॉवरपासून फ्रिजच्या गॅसपर्यंत सगळ्यांवर संशय घेतला होता. कारण हवं असतं माणसाला. कारण नसलं की फारच भयंकर वाटतं.

अनुमान | बुधवार, सकाळी ८:१०

मामी, अगदी मान्य. त्या कुटुंबांशी वाद घालूच नये. वाद आहे तो त्यांचं दुःख पुरावा म्हणून वापरणाऱ्या मेसेजशी.

त्याचं गणित एवढं : राष्ट्रीय कर्करोग नोंदणीच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात आयुष्यभरात साधारण नऊपैकी एकाला कर्करोग होतो. तीन विंगांत दीडशेच्या वर माणसं धरली, तर त्यांच्यापैकी सतरा-अठरा जणांवर कधी ना कधी ही वेळ येणार, टॉवर असो वा नसो. त्यातले दोघे एकाच मजल्यावर असणं मनाला धक्का देणारं आहे, अशक्य नाही. सी विंगमध्ये दोघे निघाले असते तर ‘टॉवरपासून लांब असूनही’ असा मेसेज आला असता का? की ते मोजलेच गेले नसते? शिवाय गाठ बहुतेकदा दिसण्याआधी कित्येक वर्षं वाढत असते. पावसाळ्याच्या तोंडावर आलेला टॉवर त्याच वर्षी निदान झालेल्या गाठीचं कारण असणं अवघडच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला.

येऊरचा_वारा | बुधवार, सकाळी ९:००

पुस्ती : काही जणांना टॉवर, वायफायजवळ डोकेदुखी, झोपमोड होते, ती खोटी नसते. अशा लोकांना सिग्नल चालू आहे की बंद हे त्यांनाही आणि तपासणाऱ्यालाही माहीत नसताना बसवून चाचण्या झाल्या आहेत. त्रास होत होता, पण सिग्नल चालू असण्याशी तो जुळत नव्हता. त्यामुळे ‘तुम्हाला काही होत नाही’ असं कुणाला म्हणू नका. ‘होतंय ते यामुळे होतंय का’ हा वेगळा प्रश्न.

बांधकाम_विभाग | बुधवार, सकाळी ११:२५

अरे, सगळे कॅन्सरवर तुटून पडलात, गळतीचा मेसेज कोणी उचललाच नाही! सात मेसेजमधला तो एकटा तपासता येतो.

टॉवरचा पाया बसवताना गच्चीच्या स्लॅबमध्ये बोल्ट ठोकतात. वॉटरप्रूफिंगचा थर तिथे फुटतो. नीट बुजवला नाही तर पाणी उतरणारच. म्हणजे ‘टॉवरनंतर गळती’ इथे नुसतं मागोमाग घडणं नाही, मध्ये कार्यकारणाचा धागा दाखवता येतो. उदाहरणही देता येतं, सोलर वॉटर हीटरच्या स्टँडखाली गळणाऱ्या गच्च्या नेरूळ-सानपाड्यात ढिगाने दाखवीन.

पण लगेच उडी मारू नका. पाणी स्लॅबमध्ये जिथून शिरतं तिथेच खाली टपकेल असं नसतं. भेगेतून, सळईच्या कडेने, वायरिंगच्या कन्ड्यूट नळीतून ते वाट काढतं आणि भलत्याच खोलीत पंख्याच्या हुकातून येतं. त्यातून तुमची इमारत जुनी. टॉवर नसता तरी गळली असती का? बी आणि सी विंगचा चौथा मजला बघा. तिकडेही ओल असेल तर संशयाची सुई जुन्या वॉटरप्रूफिंगकडे.

पक्का उपाय : पॉन्डिंग टेस्ट. गच्चीवर विटा-सिमेंटचे तात्पुरते बांध घालून कप्पे करा, एकेका कप्प्यात पाणी भरून ठेवा, पाण्यात रंग मिसळा. टॉवरच्या पायाचा कप्पा वेगळा, पावसाळी पाइपाच्या तोंडाचा वेगळा, पॅरापेटच्या (कठड्याच्या) कडेचा वेगळा. खाली कोणता रंग उतरतो बघा. एकावेळी एकच कप्पा भरायचा, नाहीतर काहीच कळणार नाही.

घोडबंदर_त्रस्त | बुधवार, सकाळी ११:४०

रंगावरून आठवलं. २१ सप्टेंबर १९९५, गणपती दूध पितो तो दिवस. ठाण्यातही देवळांबाहेर रांगा होत्या, आमच्या शाळेतल्या बाई वाटी-चमचा घेऊन गेलेल्या. तेव्हाही शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला आणि दूध चमच्यातून सरकून मूर्तीवरूनच खाली ओघळतंय हे दाखवलं. पृष्ठताण आणि केशाकर्षण.

शेवटचा_डबा | बुधवार, दुपारी १२:१५

आणि तरी माझी आजी म्हणाली, ‘ते रंगवालं दूध होतं, ते कसं पिईल देव?’ 😄

अनुमान | बुधवार, दुपारी १२:५०

शेवटचा_डबा, हसताय पण आजींनी फार जुनी युक्ती वापरली. निकाल आल्यावर अट बदलायची. म्हणून पामबीच_पलीकडे यांना एकच सल्ला : चाचणीच्या आधी दोन्ही बाजूंना विचारा, ‘कोणता निकाल आला तर तुम्ही मत बदलाल?’ आणि ते इतिवृत्तात लिहून घ्या. ज्याला याचं उत्तर देता येत नाही त्याच्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नका.

सडेतोड_ठाणेकर | बुधवार, रात्री ८:३०

म्हणजे इथले शहाणे टॉवर कंपन्यांचे वकील झाले तर. कोणाच्या पगारावर आहात सगळे?

मामी_कोपरखैरणे | बुधवार, रात्री ८:४१

अहो, तुमचं स्वतःचं म्हणणं काय आहे ते तरी सांगा. टॉवर हवा की नको?

सडेतोड_ठाणेकर | बुधवार, रात्री ८:४५

माझं म्हणणं महत्त्वाचं नाही. तुमचं चूक आहे एवढं कळतं.

अनुमान | बुधवार, रात्री ९:०५

न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार आहेत. सत्य शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याची खोडत राहणं ती वितंडा. सडेतोड, धाग्याला तिसऱ्याचा नमुना हवाच होता, आभार.

संपादक मंडळ | बुधवार, रात्री ९:३०

वैयक्तिक शेरे नकोत. यापुढचे अवांतर प्रतिसाद उडवले जातील.

मामी_कोपरखैरणे | गुरुवार, सकाळी १०:१०

अवांतर नाही, मुद्द्याचंच विचारते. समजा धोका शून्य निघाला. तरी एखादीला गच्चीवर टॉवर नको असू शकतो ना? पापड वाळत घालायची जागा गेली, अनोळखी माणसं केव्हाही जिन्यावरून वर जातात. त्यासाठी बिचारीला कॅन्सरचा आधार का घ्यावा लागतोय? आणि मुळात हा टॉवर बसवायचं ठरवलं कोणी?

अनुमान | गुरुवार, सकाळी १०:३५

मामींनी तीन मेसेजांत माझ्या पानभर मजकुराला मागे टाकलं. ‘आहे का’ आणि ‘हवं का’ हे दोन प्रश्न वेगळे. पहिल्याला मोजमाप लागतं, दुसऱ्याला सभासदांची संमती. तुमच्या ग्रुपवर दुसऱ्या प्रश्नाची भांडणं पहिल्याचे कपडे घालून चालली आहेत. पामबीच_पलीकडे, सर्वसाधारण सभेचा ठराव झाला होता का?

पामबीच_पलीकडे | रविवार, रात्री ९:५५

सभा झाली. मी मामींचाच प्रश्न विचारला : ठराव दाखवा. दोन मिनिटं नुसते पंख्याचे आवाज. सेक्रेटरी म्हणाले, कमिटीच्या बैठकीत ठरलं होतं. सर्वसाधारण सभेत विषयच आलेला नव्हता. त्यानंतर कॅन्सरचा विषय कोणीच काढला नाही, टॉवर हवा असणाऱ्यांनीसुद्धा ‘हे बरोबर झालं नाही’ म्हटलं. करार सभेपुढे ठेवायचा, तरंग संचारवर मोजणी मागायची आणि पॉन्डिंग टेस्ट करायची, असे तीन ठराव झाले. ‘कोणता निकाल आला तर काय मान्य कराल’ तेही दोन्ही बाजूंकडून लिहून घेतलं. टॉवरच्या पायाचा कप्पा ४८ तास भरून ठेवायचा, खाली रंग आला तर दुरुस्तीचा खर्च कंपनीकडून, नाही आला तर सोसायटीचा.

बांधकाम_विभाग | रविवार, रात्री १०:१५

उत्तम. पावसाची उघडीप बघून करा आणि आधी खालच्या छताचे फोटो काढून ठेवा, तारखेसकट.

पामबीच_पलीकडे | तीन आठवड्यांनंतर, शनिवार, संध्याकाळी ७:२०

टेस्टचा निकाल. टॉवरच्या पायाचा निळा रंग ४८ तासांत खाली उतरला नाही. पावसाळी पाइपाच्या तोंडाजवळचा लाल रंग सहाव्या तासाला चौथ्या मजल्याच्या बेडरूममध्ये, पंख्याच्या हुकाशी. विरोधी गटातले एक काका म्हणतायत, निळा रंग पातळ होता, अजून दोन दिवस ठेवायला हवा होता. इतिवृत्तातली सही दाखवली तर म्हणाले, सही दडपणाखाली केली.

मोजणीचा अहवाल अजून यायचाय. करारावर पुढच्या महिन्यात सभा.

बांधकाम_विभाग | शनिवार, रात्री ८:००

काकांना हवे तर अजून दोन दिवस पाणी भरून द्या, पाणी तेवढंच जाईल. पण लाल रंगाची दुरुस्ती त्यासाठी थांबवू नका. पाइपाच्या तोंडाभोवतीचा सिमेंटचा गोळा फोडून, खड्डा साफ करून पुन्हा वाटा (कडेचा सिमेंटचा उतार) बांधायला लागेल, आणि ते काम एकाच विंगेपुरतं करू नका. बी आणि सी विंगची तोंडंही त्याच वेळी उघडून बघा.

शेवटचा_डबा | शनिवार, रात्री ८:०६

बी विंगवाले म्हणतील, आमच्याकडे गळत नाही, आम्ही पैसे का द्यायचे. नवीन धागा काढा.